अठ्ठावन्न अंशांवर

नीतूने जेलची चकती दोन्ही तळहातांवर तोलली आणि श्वास रोखून अतिनील दिव्याच्या पेटीवर ठेवली. चकती कवडीच्या दह्यासारखी थरथरली. तिने खिडकीचा पडदा ओढला, पेटीचं बटण दाबलं. निळ्या उजेडात नारिंगी रेघा दिसू लागल्या. एक, दोन, तीन, चार.

"पुन्हा वरात आली," ती म्हणाली.

दाराशी चाव्यांचा जुडगा धरून उभे असलेले बिसरामभाऊ पुढे वाकले. प्रयोगशाळेचे परिचर होते ते, पण गेल्या पंचवीस वर्षांत विद्यार्थ्यांपेक्षा जास्त प्रयोग त्यांनीच पाहिले होते.

"किती जन आहेत?"

"चार."

"बोलावले किती होते?"

"दोन. खरं तं एकच यायला पाहिजे."

"मंग बसवाले गरम जागा दे. आगंतुक पयले उठतेत," असं म्हणून ते हसत निघून गेले. त्यांनी थट्टाच केली होती, पण प्रयोगाचं सगळं शास्त्र त्या थट्टेत आलं होतं.

नीतू पटले गोंदियाच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या प्रकल्पाचा विषय घरचाच होता. तिची मोठीमाय, म्हणजे मोठ्या काकाची बायको अनुसयाबाई, मुर्री गावात आपल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, चिन्नोर नावाचा सुवासिक धान पिकवत असे. तिच्या घरी तो शिजला की बाहेर रस्त्यावरून जाणारा सायकल हळू करतो, अशी तिची ख्याती. शनिवारी गोंदियात देशी बियाण्यांचं प्रदर्शन होतं. त्यात शुद्ध वाणांची रांग वेगळी होती आणि त्या रांगेत टोपली ठेवायची तर तपासणीची चिठ्ठी हवी होती. नाकाला जे कळतं ते कागदाला कळत नाही. मोठीमायने तिथे जायला नवं पातळ बाजूला काढून ठेवलं होतं आणि चिठ्ठी आणायचं काम नीतूवर सोपवलं होतं. आज बुधवार होता.

काम ऐकायला सोपं होतं. धानाच्या वासाचा एक जनुक असतो. पीसीआरच्या यंत्रात त्या जनुकाच्या तुकड्याच्या लाखो प्रती काढायच्या आणि त्या जेलमध्ये विजेने पळवायच्या, प्रत्येक नळीच्या वेगळ्या वाटेत. वासाचा तुकडा लहान, तो पळत खाली जातो. बिनवासाचा मोठा, तो वर रेंगाळतो. खाली रेघ आली तर चिन्नोर, वर आली तर साधा धान. पण प्रती कुठून कुठवर काढायच्या हे यंत्राला सांगतात ते प्रायमर, म्हणजे जनुकाचे इवले इवले जोडीदार. वासाच्या तुकड्याचा वेगळा, बिनवासाच्या तुकड्याचा वेगळा. त्यांना आपल्या जागी नेमकं बसवायचं तर तापमान नेमकं लागतं. थंड ठेवलं तर पंगतीत मिळेल त्या पाटावर बसणाऱ्या पाहुण्यासारखे ते कुठेही बसतात. फार तापवलं तर बसतच नाहीत.

नेमकं म्हणजे किती, हेच घोडं अडलं होतं. नीतूने प्रायमरची अक्षरं मोजून सूत्र लावलं होतं आणि त्यातून पाच वजा करून बावन्न काढलं होतं. बावन्नला ही वरात आली. नव्या यंत्रांत म्हणे एकाच वेळी बारा तापमानं लावून पाहता येतात. हे यंत्र जुनं होतं, एका वेळी एकच तापमान घ्यायचं आणि अडीच तास घुमत बसायचं. त्यातून एंझाइम संपत आलेलं. शिशीत अठरा नळ्यांपुरतं उरलं होतं आणि नवं यायला महिना होता.

म्हणून ती काटकसर करत होती. दर खेपेला दोनच नळ्या लावायची. एका नळीत मोठीमायच्या बियाण्यातून उगवलेल्या दहा रोपांच्या पानांचा एकत्र अर्क, दुसऱ्या नळीत नुसतं पाणी. पाण्यात रेघ आली तर समजायचं की आपलाच हात घाण. पाण्याची नळी सोडायची नाही, हे प्रकल्पाचे मार्गदर्शक हिमांशू सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

सरांनी तुलनेच्या नळीबद्दलही विचारलं होतं. "और वो एक हजार दहा? उसको कंट्रोल में नहीं लेगी?"

एक हजार दहा म्हणजे सगळ्या जिल्ह्यात पिकतो तो साधा धान. बिसरामभाऊंनी आपल्या उन्हाळी धानाच्या बांधावरून चालता चालता मूठभर पानं खुडून आणली होती, त्यांचा अर्क फ्रीजमध्ये तयार होता.

"सर, त्याला वास नाही हे शेंबडं पोरगंही सांगेल. त्याच्यावर कशाला एंझाइम घालवायचं?"

सरांना ते पटलं असावं, किंवा त्यांना पुढच्या तासाला जायची घाई असावी.

"आमच्या एक हजार दहाले कदी कदी वास येते," बिसरामभाऊ मागून म्हणाले होते.

"तुमच्या डब्यातल्या लोणच्याचा असेल, भाऊ."

"भाताचा येते, पोरी. दहा घासाले एक घास."

नीतू हसली होती. बिसरामभाऊ मुर्रीचेच, गावदेवी मातामायच्या ठाण्यामागे त्यांचं घर. गावचा माणूस गावच्या मुलीची फिरकी घेणारच.

गुरुवारी सकाळी तिने पंचावन्न लावलं. पेटीवर तीन रेघा आल्या. तिने वहीत लिहिलं तेव्हा पेन जोरात दाबलं गेलं. एक पाहुणा उठला होता. दुपारचा डबा तिने यंत्राशेजारी उभ्यानेच खाल्ला आणि लगेच अठ्ठावन्न लावलं. यंत्र घुमत होतं तेव्हा ती तीनदा झाकणावर हात ठेवून आली. बिसरामभाऊ म्हणाले, ताप पाहून राहिली काय. संध्याकाळी दोन रेघा दिसल्या. खालची ठसठशीत, वरची फिकट पण सरळ. पाण्याची वाट कोरी.

आता राहिली होती फक्त ती वरची. चिन्नोरात बिनवासाची रेघ यायचं काही कारण नव्हतं. मोठीमायच्या घरात चाळीस वर्षं दुसरा धान शिरला नव्हता, हे सगळं गाव सांगत असे आणि सगळ्यांत जास्त मोठीमाय सांगत असे. म्हणजे तीही आगंतुकच.

शुक्रवारी तिने एकसष्ट लावलं.

दिवा लागला आणि नीतू पेटीवर वाकली. एकच रेघ. खाली, स्वच्छ, जणू पट्टीने आखलेली. वर काही नाही, आजूबाजूला काही नाही. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायच्या ऐवजी ती तशीच हातमोज्यांनी धावत स्टाफरूमपर्यंत गेली. हिमांशू सर चहाचा कप हातात घेऊनच आले. तिशीतले, गोंदिया बाजारातल्या घरात वाढलेले, मराठी बोलता बोलता कधी हिंदीत शिरतील याचा नेम नसलेले.

"अरे वा. एकदम क्लीन है," ते म्हणाले. "एकसष्ट लिख. हेच आपलं तापमान."

"शुद्ध लिहायचं ना सर?"

"यापेक्षा शुद्ध काय असतं? पत्र मी टाइप करून ठेवतो. शिक्का प्राचार्यांच्या कपाटात आहे, ते उद्या येतील. बारा वाजता ये, सही घेऊन जा."

स्कूटी मुर्रीच्या रस्त्याला लागली तेव्हा नीतू मोठ्याने गात होती. समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्याने वळून पाहिलं तरी तिने गाणं थांबवलं नाही.

मोठीमाय अंगणात सूप घेऊन बसली होती. उद्याच्या टोपलीचा धान ती तिसऱ्यांदा पाखडत होती. एकही फोल राहू द्यायचा नाही असा तिचा बेत दिसत होता.

"निघालं," नीतू स्कूटीवरूनच म्हणाली. "एकच रेघ. शुद्ध."

"मंग?" मोठीमायने मान वर केली नाही, पण तिचं सूप हवेत क्षणभर थांबलं. "चार दिवस लागले मशीनले? माया नाकाले इचारलं असतं तं उभ्या उभ्या सांगतलं असतं."

"नाकाचा शिक्का चालत नाही ना."

"चालवाले पायजे." ती हसली. मग तिने सूप खाली ठेवलं आणि नीतूच्या गालावरून हात फिरवला. धानाचा कोंडा गालाला लागला. "सासूनं मले बियान्याची ढोली दाखवली तवा म्हणे, हे जपजो, सोनं नसलं तं चालते. मी जपलं बापा. परायाचा एक दाना घरात येऊ देल्ला नाही."

नीतूचं मन भरून आलं. ती पायरीवर बसली. मोठीमायने बोलता बोलता सुपातला एक मूठ धान वेगळा काढला आणि पळसाच्या द्रोणात ठेवला.

"हे कायले?"

"अकती आली ना. मातामायले न्यावं लागन."

अकती म्हणजे अक्षय्य तृतीया. नीतूला लहानपणीचं आठवलं. कडुलिंबाखालच्या ठाण्यापुढे घराघरातून आलेल्या धानाची रास, नारळ, उन्हाने तापलेली माती आणि पायाला बसणारे चटके. पुढचं तिला आठवत नव्हतं, कारण पुढे मुलं खोबऱ्याच्या मागे लागत.

"मग त्या राशीचं काय होते?"

"काय होइन? कालवतेत अन् जो तो मूठभर घरी आनते. बियान्यात टाकतेत. त्याच्याबिगर पेरनी कशी होइन?"

"आपणही टाकतो?"

"नाही टाकून सांगू कोनाले?"

"मोठीमाय, तू तं म्हणे परायाचा दाणा येऊ दिला नाही."

अनुसयाबाईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू चार बुकं शिकून पोरगी वाया गेली. "परायाचा कायचा? तो मायचा आहे."

नीतू उठून उभी राहिली. सगळ्या गावाचा धान, म्हणजे आजकाल सगळा एक हजार दहा. दर वर्षी मूठभर. एक हजार दहाची लोंबी भरगच्च, दाणे दुप्पट, म्हणजे त्याचा वाटा वाढतच गेला असणार. मोठीमाय खोटं बोलत नव्हती. देवीच्या हातून आलेलं मिसळ असतं हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

मग वरची ती रेघ खोटी होती म्हणून गेली, की तिला एकसष्टची गरमी सोसली नाही म्हणून गेली?

"कोठी चालली? चहा ठेवतो ना," मोठीमाय म्हणाली.

"बिसरामभाऊकडे. उद्या सकाळी सहाला दार उघडायला सांगायचं आहे."

शनिवारी सकाळी सहाला बिसरामभाऊंनी दार उघडलं ते डोळे चोळत. "परदर्शनाले जाशीन का परयोगाले?"

"दोन्हीकडे. भाऊ, तुमच्या एक हजार दहाची नळी फ्रीजमधून काढा."

"आता आठवन आली त्याची?"

तिच्याकडे बारा नळ्यांचं एंझाइम उरलं होतं. दहा रोपं खिडकीतल्या ट्रेमध्ये अजून उभी होती, प्रत्येकाशेजारी नंबराची काडी. आजवर तिने दहा जणांचा एकच काढा केला होता. आज तिने प्रत्येकाचं पान वेगळं कुटलं, वेगळं उकळलं, वेगळ्या नळीत भरलं. दहा रोपं, अकरावी बिसरामभाऊंच्या पानांची, बारावी पाण्याची. शिशी उलटी करून तिने शेवटचा थेंब टिपला. आता चुकलं तर महिनाभर काही नाही. तापमानाच्या जागी तिने पाच आणि आठ दाबलं, बोट थोडं थांबलं, मग सुरू केलं.

तिचा विचार सरळ होता. वरची रेघ आगंतुक असेल तर ती दहाही रोपांत थोडी थोडी दिसेल, कारण आगंतुकाला कुठलंही घर चालतं. आणि खरी असेल तर ती ज्याची आहे त्याच्यातच दिसेल.

अडीच तास तिने टेबलं पुसली, काचा पुसल्या, शेवटी बिसरामभाऊंच्या हातून झाडू घेतला. त्यांनी तो परत घेतला नाही, स्टुलावर बसून तिची गंमत पाहत राहिले. जेल पळत होतं तेव्हा मोठीमायचा फोन आला. टोपली घेऊन ती रिक्षात बसली होती आणि शुद्ध वाणांच्या रांगेत पहिली जागा धरणार होती. नीतूने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्या एका शब्दाचा तिला फार त्रास झाला.

अकरा वाजता तिने चकती पेटीवर ठेवली.

पहिल्या वाटेत खाली रेघ. दुसरीत खाली. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या खाली, वर काही नाही. सहाव्या वाटेत खाली काहीच नव्हतं. रेघ वर होती, ठसठशीत, एकटी. सातपासून दहापर्यंत पुन्हा खाली. अकराव्या वाटेत बिसरामभाऊंचा एक हजार दहा, त्याची रेघ वर, सहाव्याच्या अगदी बरोबरीत. पाणी कोरं.

नीतूने बिसरामभाऊंचं मनगट घट्ट धरलं होतं हे तिला त्यांनी चाव्या वाजवल्या तेव्हा कळलं. मोठीमायची चिठ्ठी गेली होती, आणि तरी तिला आनंद आवरत नव्हता. तीन दिवस जिला ती हाकलत होती ती रेघ खरी होती, आणि तिचं घर तिने शोधून काढलं होतं.

हिमांशू सर हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून आत आले आणि पेटीवर वाकले.

"एकसष्टला वरचा प्रायमर बसतच नव्हता," नीतू म्हणाली. "मी रेघ साफ केली नाही सर, पुसली."

सरांनी खिशातून घडी केलेलं पत्र काढलं, वाचलं आणि चार तुकडे केले. "एक हजार दहा लाव म्हणून मी अडून बसायला पाहिजे होतं," ते म्हणाले. मग त्यांनी अकराव्या वाटेवर बोट ठेवलं. "हे खाली काय आहे? बहुत हलका सा."

तिथे खाली रेघेची सावली होती, असली तर असली नाही तर नाही.

"भरताना हात हलला असेल. शेजारच्या दहाव्याचा थेंब गेला असणार."

"हो, तसंच असेल. अठ्ठावन्न लिख." ते नवं पत्र लिहायला बसले. दहापैकी नऊ रोपे सुवासिक, एक साधे.

प्रदर्शनाच्या मांडवात अनुसयाबाई नवं पातळ नेसून शुद्ध वाणांच्या रांगेत पहिल्या टेबलामागे बसली होती. टोपलीला तिने हळदकुंकू लावलं होतं. नीतूने वाटेत चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. तिने सरळ सांगून टाकलं. दहात एक दुसरा आहे, मायच्या मुठीतला.

मोठीमायने ऐकलं. मांडवात तांदूळ पाहत फिरणाऱ्या लोकांकडे तिने एकदा पाहिलं. मग उठली, टोपली कमरेवर घेतली आणि कोणी काही म्हणायच्या आत पलीकडच्या साध्या रांगेत, शेवटच्या टेबलावर नेऊन ठेवली. पातळाच्या निऱ्या सारख्या करून ती बसली. नीतूला रडू येईल असं वाटत होतं.

"दाखव तं फोटो," मोठीमाय म्हणाली.

नीतूने फोन पुढे केला.

"हे सगळे मी?"

"हो. या नऊ तू."

"अन् माय कोनती?"

नीतूने सहावी रेघ दाखवली. मोठीमायने फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. तिच्या चेहऱ्यावर दुःख शोधत होती नीतू, पण तिथे वेगळंच काही होतं.

"म्हनजे मशीनले बी दिसली," ती म्हणाली. "दहात एक. तेवढा वाटा तं मायचा राहीनच." आणि थोडं थांबून, "यंदा तिची मूठ येगळ्या बांधीत पेरन. दोघींचं बी राहीन."

नीतूने मान हलवली. तिला खूप हलकं वाटलं. मांडवात कोणीतरी चिन्नोर कुठे आहे म्हणून विचारत होतं, वासाने बरोबर याच टेबलाकडे येत होतं.

मोठीमाय मात्र अजून फोटोकडेच पाहत होती. "एक सांग. मूठभर आनतो तशी मी मूठभर टाकतो बी ना राशीत. चाळीस अकत्या झाल्या. मायं धान कोनाच्या बांधीत गेलं असन?"

नीतूने फोन परत घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि सरकवत सरकवत अकराव्या वाटेवर नेला. बांधावरून चालता चालता खुडलेली मूठभर पानं. वर एक हजार दहाची जाड रेघ. आणि खाली, नऊ रेघांच्या बरोबर ओळीत, ती सावली. दहा घासाले एक घास.

तिने बिसरामभाऊंना फोन लावला.

"भाऊ, जेवले का?"

"जेवून राहिलो. काऊन?"

"भात संपवू नका," ती म्हणाली. "मी आणि मोठीमाय येऊन राहिलो."